मासा परत का सोडला

माझी सून स्वभावाने चांगली आहे आणि चांगल्या स्वभावाची माणसं जे करतात तेच तिने केलं. मला न विचारता माझं नाव घातलं. न्यूझीलंडातल्या पापाकुराच्या लायब्ररीत आठवड्यातून दोनदा सकाळी ज्येष्ठ नागरिकांसाठी इंग्रजीचा फुकट वर्ग भरत असे, त्यात.

"बाबा, कंपनी मिळेल तुम्हाला," ती म्हणाली. "घरी हीप्स टाइम असतो ना तुमच्याकडे. बोअर होत असाल."

मी राजापूरकडच्या एका हायस्कुलात सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात काढली. माझ्या हाताखालून गेलेली पोरं मोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि अजून रस्त्यात दिसली तर सायकलवरून उतरतात, आता त्यांच्याकडे गाड्या असल्या तरी. अशा माणसाला उतारवयात इंग्रजीच्या वर्गात बसवायचं, म्हणजे माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण कंपनीचं तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मुलगा इथे शिकायला आला तो राहिलाच. पावाच्या कारखान्यात पाळी सांभाळायचा. सून बँकेत. नातू शाळेत. आमची ही टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमासमोर बसून, त्या बाईचं कुठे चुकतंय ते त्या बाईला मराठीतून सांगत असे. मी खिडकीतून शेजाऱ्याचं लॉन बघायचो. लॉनमध्ये बघण्यासारखं फार नसतं. म्हणून गेलो.

वर्ग चालवणारी बाई इथलीच होती, चाळिशीची, भर थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. तिने माझा हात हातात घेतला आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने, "वेलकम. टू. अवर. क्लास," असं सांगितलं. मी तिला माझी पदवी, माझी नोकरी आणि तिच्या स्वागताबद्दलचे आभार असं सगळं मिळून एकच वाक्य ऐकवलं. वाक्य लांब होतं, पण कुठे अडखळलं नाही. तिने माझा हात सोडला. मग म्हणाली, "स्वीट ॲज. यू कॅन हेल्प मी." स्वीट ॲज म्हणजे इथल्या बोलीत झकास.

अशा रीतीने मी विद्यार्थी म्हणून गेलो आणि खुर्चीवर बसायच्या आत मास्तर झालो. सुनेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघा, म्हटलं नव्हतं?" तिने असं काही म्हटलेलं नव्हतं.

वर्गातले बाकी सगळे चिनी होते. कुणी आजी, कुणी आजोबा. सगळे मुलांकडे राहायला आलेले आणि बहुतेकांची नावं सुनांनी घातलेली. प्रत्येकाजवळ गरम पाण्याची बाटली आणि चष्म्याच्या डबीएवढं एक यंत्र. त्यावर चिनी अक्षरं टिपली की ते इंग्रजी बोलायचं. मोबाइलमध्ये तेव्हा ही सोय आलेली नव्हती. यंत्राचा आवाज बाईचा होता आणि तिला कशाचं काही वाटत नसे. 'कांदा' आणि 'अंत्ययात्रा' हे दोन्ही शब्द ती एकाच सुरात सांगायची.

त्यांच्यातल्या एकीला मी आधीपासून ओळखत होतो. रेल्वे स्टेशनजवळच्या मासळीच्या दुकानात आम्ही भेटायचो. इथले लोक माशाचं डोकं खात नाहीत. दुकानदार डोकी वेगळ्या टोपलीत काढून ठेवतो, गळाला लावायला कुणी नेतं म्हणून. ती खाण्यासाठी नेणारे गिऱ्हाईक दोनच, मी आणि ही चिनी आजी. टोपलीत एकच मोठं डोकं असलं की आम्ही दोघं छताकडे बघत उभे राहायचो. पुष्कळदा तेच डोकं तिच्या पिशवीत जायचं, कारण ती लवकर उठायची.

वर्गात कळलं की ती उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ शहरातल्या प्राथमिक शाळेत गणित शिकवायची. तेव्हापासून मी तिला मनात 'बाई' म्हणू लागलो. शाळेत शिकवणाऱ्या बाईला आपल्याकडे दुसरं नाव नसतंच. ती मला 'लाओशी' म्हणायची. लाओशी म्हणजे गुरुजी. आमच्यात सगळं मिळून पन्नासेक शब्दांची देवघेव असेल, पण वर्गात कुणी उशिरा आलं की आम्ही दोघं एकाच वेळी घड्याळाकडे बघायचो.

शिकवायला गोष्टी होत्या. 'इथलं जीवन आणि संस्कृती' अशा मथळ्याच्या, झेरॉक्स काढलेल्या, प्रत्येक पानावर एक. कुणाचं मांजर हरवतं आणि सगळा रस्ता ते शोधायला निघतो. कुणी बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतं. कुणी आजारी पडतं तर शेजारी येऊन त्याचं लॉन कापून जातो. भांडण नाही, वाटणी नाही, लग्न मोडत नाही. जँडलवाल्या बाईची पद्धत अशी, की गोष्ट एकदा वाचायची आणि मग प्रत्येकाने त्याबद्दल आपल्याला काय वाटतं ते सांगायचं. "देअर आर नो राँग आन्सर्स," ती म्हणायची. चुकीचं उत्तर नसतंच, असं वर्गात उघड सांगणारी शिक्षिका मी पहिल्यांदा बघत होतो. चिनी म्हातारे घाबरून गप्प बसायचे. चुकीचं उत्तर नाही म्हणजे बरोबर उत्तरही नाही, हे त्यांच्या लक्षात आलेलं होतं.

मग एकदा तिला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि वर्ग माझ्या हाती आला. मी सगळ्यांना उभं केलं. मी एक ओळ म्हणणार, मागून सगळे म्हणणार. पहिल्या ओळीला कुजबुज होती, तिसऱ्या ओळीला लायब्ररीच्या काचा हलल्या. हरवलेलं मांजर आम्ही असं शोधलं की काउंटरवरची मुलगी धावत आली. तास संपला तेव्हा त्या माणसांचे चेहरे मी बघितले. ती आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी बोलली होती आणि तेही मोठ्याने. पुढल्या वेळी जँडलवाली आली आणि म्हणाली, आज ॲनी थॉट्स? तेव्हा सगळा वर्ग न सांगता उभा राहिला.

त्यानंतर तिने अर्धा तास मला दिला. ती बाई मनाने मोठी होती. पद्धत मात्र तिची चुकीचीच होती.

माशाची गोष्ट आली ती सप्टेंबरात. आजोबा आणि छोटा नातू पहाटे होडीतून मासे धरायला जातात. नातवाच्या गळाला एक स्नॅपर लागतो. दिसायला आपल्या तांबोशीसारखा, खायलाही वाईट नाही. आजोबा खिशातून पट्टी काढतात, मासा मोजतात, तो नियमापेक्षा थोडा लहान भरतो. आजोबा मासा परत समुद्रात सोडतात. मुलगा रडतो, मग आजोबांचा हात धरतो. आजोबा म्हणतात, पुढच्या वर्षी तो मोठा झालेला असेल आणि तूही. संपली गोष्ट.

टोपीवाल्या एका आजोबांनी विचारलं, "फिश डेड?"

"नाही," जँडलवाली म्हणाली, "जिवंत होता, म्हणून तर सोडला."

"ग्रँडफादर सिक?" त्यांनी कपाळाकडे बोट नेलं.

ती हसली आणि समजावू लागली. लहान मासे धरले तर उद्या मासेच उरणार नाहीत, म्हणून इथे प्रत्येक होडीत पट्टी असते. समजूतदार बोलत होती. सगळे माना हलवत होते. शेवटी बाईंनी हात वर केला आणि स्वच्छ सांगितलं, "बॅड ग्रँडफादर. चाइल्ड क्राय." आणि खाली बसल्या. चुकीचं उत्तर नसतंच असं ठरलेलं असल्यामुळे जँडलवालीला काही बोलता येईना.

मी कर्मचारी वर्गातला, त्यामुळे गप्प राहिलो. मनातून मी बाईंच्या बाजूचा होतो. घरी येऊन हिला गोष्ट सांगितली, तर हिने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "परत सोडायचा होता तर गळ कशाला टाकला?"

त्याच सुमाराला शाळेची चिठ्ठी आली. नातू आठ वर्षांचा, त्याच्या वर्गात नोव्हेंबरमध्ये आजी-आजोबांचा दिवस होता. यायचं, मुलांबरोबर खायचं आणि ज्यांना हवं त्यांनी एखादी गोष्ट सांगायची. नातवाने चिठ्ठी फ्रिजवर लावली आणि मला बजावलं, "आजोबा, यू कॅन कम, बट डोन्ट डू द शाउटिंग थिंग." त्याला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी मराठीत बोलायचो, तो इंग्रजीत, आणि दोघंही आपापल्या जागी घट्ट होतो.

बाईंची नात त्याच वर्गात होती. शाळा सुटायच्या वेळी आम्ही दोघं फाटकाशी उभे राहायचो. मुलगी बाहेर यायची, आजीच्या हातातली छत्री घ्यायची आणि पुढे चालू लागायची. बरोबर नाही, पुढे. रस्त्यावरच्या कुणाला वाटावं, की ही छोटी एकटी चालली आहे आणि मागून येणाऱ्या म्हातारीचं काहीतरी वेगळं काम आहे. कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानापाशी, इतर मुलं असायची. तिथे ती आणखी भरभर चालायची.

एका गुरुवारी वर्ग संपल्यावर बाई थांबल्या. त्यांनी ती चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली.

"शी से, ग्रँडमा नो कम," त्या म्हणाल्या. "ग्रँडमा नो इंग्लिश. ऑल चाइल्ड लाफ."

मग उरलेलं त्यांनी कसंबसं सांगितलं, काही बोलून, काही खुणांनी. मुलगी जन्मली तेव्हा आईबाप दोघंही दिवसभर कामाला, इथे बघायला कुणी नाही. तान्ही असतानाच तिला चीनला आजीकडे धाडली. "बेबी. माय हाऊस. फाइव्ह इयर." बाईंनी बाही वर केली आणि दंडावर हात ठेवला. "स्लीप हिअर." शाळेचं वय झालं तशी आईबापांनी तिला परत आणली. "देन, एअरप्लेन." त्यानंतर तीन वर्षांनी बाई व्हिसा काढून आल्या, तर मुलगी बदललेली. चिनी कळतं तिला, पण बोलत नाही. डिसेंबरात बाईंचा व्हिसा संपत होता. तिकीट काढलेलं होतं. पुन्हा येणं कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि गुडघेही आता प्रवासाजोगे राहिले नव्हते.

त्यांनी यंत्र काढलं, चष्मा वर करून बराच वेळ काहीतरी टिपलं आणि बटण दाबलं. यंत्रातली बाई नेहमीच्या सुरात म्हणाली, मुलीने सगळ्यांसमोर एकदा माझ्या शेजारी उभं राहावं अशी माझी इच्छा आहे.

मला वाईट वाटलं. इतकं, की मी लगेच कामाला लागलो.

इथे माझ्या पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढे तिच्याबद्दल गैरसमज झाला. परीक्षेला काय येणार ते आधी ठरवायचं आणि तेवढंच पाठ करून घ्यायचं, ही ती पद्धत. धड्याखाली प्रश्न असतात. कोण, केव्हा, काय, कसं आणि शेवटी का. प्रश्न धड्याच्या क्रमाने येतात, कारण शहाणा माणूस आधी कोण विचारतो आणि मग का. अख्ख्या तालुक्यात माझा निकाल या पद्धतीवर उभा होता. मी बाईंना म्हटलं, गोष्ट निवडा. त्यांनी माशाचीच निवडली. मला आश्चर्य वाटलं, पण तिच्यात आजोबा आणि नातवंड होतं, आणि ती त्यांना अर्धी पाठही होती.

मी गोष्टीवर सात प्रश्न काढले आणि सात उत्तरं लिहून दिली. मासे धरायला कोण गेलं? "द ग्रँडफादर अँड द लिटल बॉय." केव्हा गेले? "अर्ली इन द मॉर्निंग." मुलाला काय मिळालं? "अ स्मॉल स्नॅपर." असं करत सातव्यापर्यंत. सातवा मोठ्या गुणांचा होता: तुमच्या मते आजोबांनी मासा परत का सोडला? त्याचं उत्तर मी जरा भारदस्त लिहिलं, उद्याचा विचार करणं हे सुजाण माणसाचं कर्तव्य आहे, अशा धर्तीवर. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पाठ करायला घेतलं. शिक्षकाने लिहून दिलेल्या उत्तराशी आपण सहमत असायलाच हवं असं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

महिनाभर आम्ही घोकलं. मी विचारायचो, त्या सांगायच्या, पहिल्यापासून सातव्यापर्यंत, दर वेळी त्याच क्रमाने. घरीही त्या ओट्याशी उभ्या राहून पीठ लाटताना मोठ्याने म्हणायच्या, प्रश्नही त्यांनीच विचारायचे आणि उत्तरंही त्यांनीच द्यायची. मुलगी तेव्हा टीव्ही बघत असते आणि आवाज वाढवते, असं त्यांनी मला सांगितलं. मुलीच्या आईने रदबदली केली आणि आजी शाळेत येणार एवढं ठरलं.

मी वर्गशिक्षिकेला जाऊन भेटलो. तरुण मुलगी होती, "किया ओरा" असा इथला नमस्कार करून उठून उभी राहिली. मी सात प्रश्नांचा कागद तिला दिला आणि सांगितलं, की गोष्ट झाल्यावर मुलांनी हे प्रश्न विचारावेत. "ऑसम," ती म्हणाली आणि तिने तो फळ्याच्या बाजूला चिकटवला. माझा जीव भांड्यात पडला.

आजी-आजोबांच्या दिवशी सकाळपासून पाऊस आणि वारा होता. वर्गात मुलं सतरंजीवर बसली होती आणि आम्ही आजी-आजोबा मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे छातीशी घेऊन. एका गोऱ्या आजोबांनी आपल्या कुत्र्यांबद्दल सांगितलं. एका सामोअन आजीने गाणं म्हटलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. माझा नातू पहिल्या रांगेत होता. बाईंची नात अगदी मागे, पुस्तकांच्या कपाटाशी, गुडघ्यात तोंड घालून बसलेली.

बाई उठल्या. कोट नीट केला. वर्गासमोर उभं राहायची त्यांना जन्माची सवय, ते दिसतच होतं. मुलं आपोआप सरळ बसली. गोष्ट त्यांनी माझ्याच चालीवर सांगितली, खणखणीत, शेवटच्या भिंतीपर्यंत पोचेल अशी. एक शब्द गळला नाही. मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शिक्षिकेकडे बघून कागदाकडे खूण केली.

शिक्षिका मुलांना म्हणाली, "आता विचारा. तुम्हाला ज्याची उत्सुकता असेल ते काहीही विचारा."

मी पुन्हा कागदाकडे बोट दाखवलं.

पहिल्या मुलाने हात वर केला. "हाऊ ओल्ड आर यू?"

"द ग्रँडफादर अँड द लिटल बॉय," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या मुलीने विचारलं, न्यूझीलंड आवडलं का.

"अर्ली इन द मॉर्निंग."

इथे थोडी खसखस पिकली. तिसरा मुलगा उभाच राहिला आणि त्याने विचारलं, तुमच्याकडे पाळीव प्राणी कोणता?

"अ स्मॉल स्नॅपर," बाई म्हणाल्या, आणि सगळा वर्ग हसला. पहिल्या रांगेतला माझा नातूही हसला. त्याच्या पाठीत धपाटा घालायला मी अर्धा उठलो होतो, पण खुर्ची माझ्याबरोबर उठली.

बाई थांबल्या. शब्द कळले नसतील, पण मुलं कशाला हसतात हे शिक्षकाला भाषेशिवाय कळतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मला तो परवडला असता. आपल्याकडून काय चुकलं हे समजून घ्यायचं होतं त्यांना, आणि त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. मी हात वर केला. निदान चौथा प्रश्न आपण विचारावा. शिक्षिका गोड हसून म्हणाली, "मुलांना आधी विचारू द्या हं." एवढ्यात आणखी चार हात वर आले.

"हू वेंट फिशिंग?"

आवाज मागून आला. बाईंची नात कपाटाशी उभी होती. चेहरा लालभडक. प्रश्न तिने विचारला होता की ओरडला होता, सांगता येणार नाही.

बाईंनी तिकडे बघितलं. "द ग्रँडफादर अँड द लिटल बॉय," त्या म्हणाल्या.

"व्हेन डिड दे गो?"

"अर्ली इन द मॉर्निंग."

"व्हॉट डिड द बॉय कॅच?"

"अ स्मॉल स्नॅपर."

या वेळी कुणी हसलं नाही. मुलगी फळ्याकडे बघत नव्हती, आणि तिथून कागद वाचता आलाही नसता. तिला सगळं पाठ होतं. पट्टीचा प्रश्न, रडण्याचा प्रश्न, आजोबा काय म्हणाले तो प्रश्न, सगळे ओळीने. टीव्हीचा आवाज वाढवून महिनाभर तिने हेच ऐकलेलं होतं. मी जिथे श्वास घेतो तिथेच ती श्वास घेत होती. सातवा तर तिने माझ्या राजापुरी इंग्रजीत विचारला, 'तुमच्या मते' वर मी देतो तेवढाच जोर देऊन. बाईंनी कर्तव्याचं भारदस्त उत्तर पूर्ण दिलं. उद्याचा विचार वगैरे.

प्रश्न संपले. मुलगी खाली बसेल असं वाटलं. ती बसली नाही. तिने आठवा प्रश्न विचारला, आणि तो चिनीत होता.

हळू बोलली, अडखळत, बराच काळ न उघडलेली पेटी उघडावी तशी. बाईंनी उत्तर दिलं, पण इतक्या बारीक आवाजात की मुलीला मागे ऐकू गेलं नाही. म्हणून ती सतरंजीवरच्या मुलांच्या हातापायांतून वाट काढत पुढे आली आणि आजीच्या शेजारी उभी राहिली. बाईंनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा लांबण लावून.

"काय म्हणाल्या त्या?" शिक्षिकेने विचारलं.

मुलीने जमिनीकडे बघत इंग्रजीत सांगितलं. "मी विचारलं, तू असतीस तर खरंच सोडला असतास का. ती म्हणाली, नाही. आलं घालून वाफवला असता. आणि गाल मला दिले असते. माशाचे गाल नेहमी मलाच असायचे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी वाऱ्यावर ढकललं, खिडकी बंद होती तरी.

मग पहिल्या रांगेतून प्रश्न आला, माशाला गाल असतात? विचारणारा माझा नातू होता. बाईंनी स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं. त्यानंतर कुणी विचारलं तुमच्या गावात बर्फ किती पडतो, कुणी विचारलं तुम्ही मुलांना मारायचात का. मुलगी इकडून चिनीत विचारायची, तिकडून इंग्रजीत सांगायची. मधेच एखादा चिनी शब्द सापडायचा नाही, तेव्हा आजी तो हळूच सुचवायची. क्रमाचा पत्ता नव्हता. माझ्या पद्धतीत दोष होता असं मी आजही म्हणणार नाही. मुलांनी क्रम पाळला नाही.

घंटा झाली आणि माझ्या गोष्टीला वेळ उरला नाही. तात्पर्यासकट ती अजून माझ्याजवळच आहे.

दुपारी शाळा सुटली तेव्हा पाऊस थांबला होता. नातू माझ्याबरोबर चालत होता. डेअरी ओलांडल्यावर त्याने विचारलं, "आजोबा, वूड यू पुट इट बॅक?"

"छे. कालवण केलं असतं."

तो थोडं चालला. मग म्हणाला, "आणि डोकं? डोकं कोणाला?" मराठीत. मला रस्त्यात थांबावंसं वाटलं, पण थांबलो असतो तर त्याच्या लक्षात आलं असतं. मी म्हटलं, तुला.

बाई आणि त्यांची नात आमच्या पुढे होत्या. डिसेंबरचं तिकीट काही बदललं नाही. त्या ठरल्या दिवशी गेल्या, आणि मग मासळीच्या दुकानात टोपलीतलं मोठं डोकं दर वेळी मलाच मिळू लागलं. त्याची चव मला पूर्वीसारखी लागली नाही. पण ते पुढचं. त्या दुपारी दोघी ओल्या फुटपाथवरून बरोबरीने चालल्या होत्या, छत्री मिटलेली, आणि मुलगी आजीची परीक्षा घेत होती. तिने पाचवा प्रश्न आधी विचारला, मुद्दाम. मासा गेल्यावर मुलाने काय केलं?

बाई जागच्या जागी थांबल्या. त्यांचे ओठ हलले. पहिल्यापासून मोजत येत असाव्यात. मुलगी घाई न करता उभी राहिली.

"ही क्राइड," बाई म्हणाल्या. "देन ही हेल्ड हिज ग्रँडफादर्स हँड."

उत्तर बरोबर होतं.